बंदीच्या ६१ दिवसांत आपले हात-पाय काय सांगतात?

मंडळी, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मालीम असो, कुटबण असो, खारीवाडा असो की शापोरा, बोटी धक्क्याला लागतात आणि आपण इंजिन, जाळी, रंगकाम यांच्या मागे लागतो. या ६१ दिवसांत आणखी एक काम करा असं आम्ही सुचवतोय. त्याला पैसे लागत नाहीत. दर रविवारी उजेडात बसून आपले तळहात, बोटांच्या बेचक्या आणि पावलं नीट बघायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि आठवडाभरात हातांनी कुठलं काम केलं ते दोन ओळींत लिहून ठेवायचं.

कारण असं, की हातापायांना होणारं इसब (डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात ते) नेमकं कशामुळे उठतं हे शोधणं अवघड असतं. आपण रोज मीठपाणी, मासळी, बर्फ, दोर, डिझेल, साबण, गमबूट सगळ्यालाच हात लावतो. यातलं चोर कोण ते कसं कळणार? पण आपल्या धंद्यात वर्षातून एकदा निम्म्याहून जास्त संशयित एकदम बाजूला होतात. मुंबईच्या ऑफिसवाल्याला अशी संधी मिळत नाही.

आधी रोगाची ओळख. कोरडी, खरखरीत, लाल कातडी, खाज, बोटांच्या कडेला साबुदाण्यासारख्या बारीक पाणीदार पुटकुळ्या, मग साल निघणं, भेगा पडणं, भेगेतून लस किंवा रक्त येणं. आपल्याकडे याला कोणी “पाण्यानं बोटं खाल्ली” म्हणतं, कोणी नुसतंच “अ‍ॅलर्जी” म्हणतं. पहिल्यांदा आठ दिवसांत बरं होतं म्हणून दुर्लक्ष होतं. मग परत येतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, किंवा वर्षात दोनदा-तीनदा उलटलं, की ते जुनाट झालं असं समजतात आणि जुनाट इसब हटायला फार वेळ घेतं.

आणि हे फक्त खाजेचं प्रकरण नाही. बोटांच्या पेरांना भेगा पडलेला खलाशी दोर ओढू शकत नाही, भर सीझनमध्ये घरी बसतो आणि त्याचा हिस्सा जातो. मालकाची एक जोडी हात कमी होते. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांचं तर आणखी वाईट. गिऱ्हाईक आधी बांगडे बघतं, मग हात बघतं आणि पुढच्या टोपलीकडे जातं. म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगतो: इसब संसर्गजन्य नाही. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एकाच टॉवेलनं ते दुसऱ्याला होत नाही. दुसऱ्याला होते ती खरूज, आणि होऊ शकतं ते गजकर्ण. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला पुरळ, आणि बोटीवरच्या किंवा खोलीतल्या चार-पाच जणांना एकाच वेळी खाज सुटली असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. तिचं औषध वेगळं, ते सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं असतं.

आता हातच का? कातडीचा वरचा थर म्हणजे चिऱ्यांची भिंत समजा. मेलेल्या पेशी हे चिरे, आणि त्यांच्या मधली चरबी हा चुना. अंगावर इतर ठिकाणी तेलाच्या ग्रंथी असतात, त्या या भिंतीला थोडं तेल पुरवतात. तळहात आणि तळपाय यांना अशा ग्रंथीच नाहीत. तिथं घाम भरपूर, तेल शून्य. तासन्‌तास पाण्यात राहिलं की थर फुगतो, पांढरा पडतो, सुरकुततो. वाळताना आतलं पाणीही घेऊन जातो. साबणानं चुना धुपतो. मग आत जे जायला नको ते जातं: मासळीचा रस, डिझेल, रबरातली रसायनं. भिंत पडल्यावर घरात कोण शिरतं ते पुढचा प्रश्न, पण भिंत पाडायचं काम बहुतेक वेळा पाणीच करतं.

कामाच्या ठिकाणच्या त्वचारोगांचा अभ्यास करणारे “ओलं काम” कशाला म्हणतात ते ऐका. दिवसाला २ तासांपेक्षा जास्त हात पाण्यात असणं, किंवा २ तासांपेक्षा जास्त पाणी न शिरणारे हातमोजे घालून राहणं (कारण आत घामानं हात ओलेच राहतात), किंवा दिवसात २० पेक्षा जास्त वेळा हात धुणं. यातलं एक जरी असलं तरी धोका. आपल्याकडे मासळी निवडायला बसलेल्या माणसाचे दोन तास चहाच्या आधीच होतात.

तर बंदीत काय बघायचं?

बऱ्याच जणांचे हात जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुधारतात आणि ऑगस्टमध्ये बोट सुटली की पंधरा दिवसांत परत बिघडतात. असं असेल तर कारण समुद्रावरच्या कामात आहे हे जवळजवळ नक्की. तिथेही दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक नुसती झीज: मीठपाणी, बर्फ, दोराचं घासणं, खवले, काटे. ही कुणालाही होऊ शकते, कमी-जास्त एवढंच. दुसरी खरी अ‍ॅलर्जी. ती ठरावीक माणसालाच होते, पण एकदा झाली की साधारण जन्मभर राहते आणि थोड्याशा स्पर्शानंही उठते.

मासळीची अ‍ॅलर्जी ओळखायची एक खूण आहे. बांगडा, माणकी किंवा सुंगटं हाताळायला लागल्यावर काही मिनिटांतच, अर्ध्या तासाच्या आत, हात चुरचुरायला-खाजायला लागतात, कधी गांधी उठतात. मासळीतल्या प्रथिनांमुळे हे होतं. १९७६ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांमध्ये हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला, आणि त्यातही मासळी-कोळंबी हाताळणारे होते. गंमत म्हणजे यातले पुष्कळ जण तीच मासळी मजेत जेवतात, काही होत नाही. म्हणून “मी रोज सुंगटं खातो, मला कसली अ‍ॅलर्जी?” हा मुद्दा टिकत नाही. भेगाळलेल्या कातडीतून प्रथिनं थेट आत जातात, पोटात ती पचतात. मात्र हाताच्या खाजेबरोबर ओठ सुजणं, घसा दाटणं, शिंका आणि दम लागणं सुरू झालं तर मग तो हातांचा प्रश्न राहिला नाही, लगेच डॉक्टर.

सुंगटं सोलणाऱ्यांसाठी आणखी एक. सुंगटांची डोकी काळी पडू नयेत म्हणून जी सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर वापरतात, ती हातांना, डोळ्यांना आणि छातीला त्रास देते. दम्याच्या माणसानं त्या टबाच्या आसपास उभंच राहू नये. पावडर सुकी उधळू नका, आधी पाण्यात घातलेली बरी, आणि उघड्या हातानं तर ढवळूच नका.

समुद्रातल्या जीवांचीही अ‍ॅलर्जी होते. उत्तर समुद्रात डॉगर बँक नावाचा उथळ भाग आहे. तिथल्या ट्रॉलरवरच्या मच्छीमारांना हातांवर आणि चेहऱ्यावर भयंकर इसब उठायचं. त्याला नावच पडलं “डॉगर बँक इच”, म्हणजे डॉगर बँकेची खाज. जाळ्यात मासळीबरोबर येणारा शेवाळासारखा दिसणारा एक समुद्री जीव त्याचं कारण निघाला. काही जणांना धंदा बदलावा लागला. हा जीव तिकडच्या थंड पाण्यातला. पण आपल्याही जाळ्यात नको ते पुष्कळ येतं, आणि जाळं झाडणाऱ्याच्याच हातांना त्रास होतोय, निवडणाऱ्याच्या नाही, असं दिसलं तर ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

हातमोजे आणि गमबूट हे वाचवायला असतात, पण कधीकधी तेच कारण ठरतात. रबर पक्कं करताना जी रसायनं घालतात त्यांची अ‍ॅलर्जी होते. खूण सोपी: इसब मनगटावर जिथं मोजा संपतो तिथं रेघ मारल्यासारखं थांबतं. पायावर चपलेच्या पट्ट्याचा छाप उठतो. गमबुटात पावलाच्या वरच्या बाजूला, दोन्ही पायांना सारखंच. असं असेल तर रबराऐवजी पीव्हीसीचे हातमोजे वापरून बघा. आत सुती मोजे घाला, ते ओले झाले की बदला. भोक पडलेला मोजा फेकून द्या. आत शिरलेलं मासळीचं पाणी दिवसभर हाताला चिकटून राहतं, त्यापेक्षा उघडा हात बरा.

आता दुसरा गट, आणि याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काहींचे हात बंदीत सुधारण्याऐवजी बिघडतात. घरचे म्हणतात, “अरे, आता तर तू पाण्यात पण जात नाहीस!” बरोबर आहे. पण बंदीत आपण काय करतो? बोट दुरुस्त करतो. फायबरच्या बोटीचं काम असेल तर रेझिन, हार्डनर, कोबाल्ट आणि वर काचेच्या धाग्यांचा कीस. हा कीस कातडीत बारीक टोचतो, कोपरापर्यंत खाज आणतो, तो आंघोळीनं एक-दोन दिवसांत जातो. रेझिन-हार्डनरची गोष्ट निराळी. इपॉक्सी रेझिन आणि त्याचा हार्डनर हे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांत वरच्या नंबरावर आहेत, आणि एकदा अ‍ॅलर्जी झालेल्या माणसाच्या पापण्यासुद्धा नुसत्या वाफेनं सुजतात. वर काम संपल्यावर हात कशानं धुतो? थिनर, अ‍ॅसिटोन, रॉकेल, पेट्रोल. म्हणजे उरलासुरला चुनाही साफ. हातावरचं ऑइल-ग्रीस काढायला आधी खोबरेल चोळा, फडक्यानं पुसा, मग सौम्य साबण. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण थिनरची बाटली हाताशी असते म्हणून होत नाही.

लाकडी होडीवाल्यांकडे आणखी जुनी गोष्ट आहे: काजूच्या टरफलाचं तेल. लाकूड टिकावं म्हणून ते लावायची आपल्याकडची रीत. हे तेल कातडी जाळतं हे काजू भाजणाऱ्या बायकांना विचारायला नको. काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. त्यामुळे ज्याला आंब्याचा चीक उठतो, मे महिन्यात ओठ-गाल सुजतात, त्यानं काजूचं तेल दुसऱ्याला लावायला सांगावं. भाऊबंदकीचं भांडण नाही, कातडीचा प्रश्न आहे.

तिसरा गट म्हणजे ज्यांना बंदीत काहीच फरक पडत नाही. तिथं घराकडे बघावं लागतं. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फिनेल, ब्लीचिंग पावडर. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीची टोकंच तेवढी भेगाळली असतील तर लसूण सोलताना कुठल्या बोटांत धरता ते आठवा. अंगठीखाली गोल चट्टा असेल तर तिथं साबण अडकतो. लहानपणी इसब, दमा किंवा सारखी सर्दी-शिंका ज्यांना होती त्यांची भिंत मुळातच कच्ची असते, त्यांना या सगळ्याचा त्रास लवकर होतो. अशा घरातल्या मुलानं धंद्यात येऊच नये असं आम्ही म्हणणार नाही, पण पहिल्या दिवसापासून हात जपावेत. आणि काही वेळा ते इसब नसतंच, सोरायसिस असतं. तेव्हा डॉक्टरांनी बघितल्याशिवाय खरं नाही.

पायांचा हिशेब बंदीत थोडा उलटा चालतो हे ध्यानात ठेवा. पाऊस, चिखल, ओल्या चपला. बोटांच्या बेचक्यांत पांढरं, भिजल्यासारखं, वास येणारं झालं तर त्या चिखल्या, म्हणजे बुरशी. एकाच पायाचा तळवा कोरडा आणि सालपटं निघणारा असेल तर तिथंही बुरशीचा संशय आधी घ्यावा. पायाला बुरशी आणि हातांवर पुटकुळ्या असाही खेळ होतो. पायातल्या बुरशीवर शरीर चिडतं आणि तळहातावर पाणीदार फोड येतात, त्या फोडांत बुरशी नसते. अशा वेळी हाताला कितीही मलम चोळलं तरी उपयोग नाही, पाय बरा व्हावा लागतो. काहींना मात्र बुरशी नसतानाही उकाड्यात, मार्च-एप्रिलला आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, तळहात-तळपायांवर अशा पुटकुळ्यांचं पीक येतं. घाम आणि मनावरचा ताण दोन्ही त्याला वाढवतात. कर्जाचा हप्ता आणि पुटकुळ्या एकदम आल्या तर तो योगायोग नसेल.

गमबूट रात्री उलटे करून वाळवा. शक्य असेल तर दोन जोड्या, एक दिवसाआड. पाय धुतल्यावर बेचक्या फडक्यानं कोरड्या करा.

आता औषधाच्या दुकानाबद्दल. “खाजेवर ट्यूब द्या” म्हटलं की काउंटरवरून जी ट्यूब येते तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून सगळी वस्ती तीच ट्यूब वापरते. पण बुरशी असेल तर स्टेरॉइडनं ती आतून पसरते आणि पुढं चांगल्या औषधालाही दाद देईनाशी होते. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तो का आहे ते यावरून कळावं. स्टेरॉइड वाईट नाही. इसबावर डॉक्टर तेच देतात, पण किती जोराचं, कुठं, किती दिवस, हे ठरवून. आपण ठरवायचं नसतं.

घरगुती उपायांत काही चांगले, काही घातक. कढत मिठाच्या पाण्यात हात बुडवले की खाज क्षणभर थांबते, पण कातडी आणखी सुकते. लिंबू चोळणं नको, वर ऊन लागलं तर फोड येतात. चुना, ब्लीच, बॅटरीचं पाणी असल्या गोष्टी वस्तीवर ऐकू येतात, त्यांचं नावही काढू नका. याउलट आजीचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, भेगांत वितळवून भरणं ही शहाणपणाची गोष्ट आहे. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेलही चालतं. तत्त्व एकच: हात धुऊन हलके टिपले की ओलसर असतानाच जाड थर लावायचा, आणि रात्री वरून सुती मोजे. वासाच्या क्रीमपेक्षा बिनवासाचं बरं, सुगंधाचीही अ‍ॅलर्जी होते. आणि हात दिसायला बरे झाले म्हणून थांबू नका. वरून बरं दिसलं तरी भिंत आतून पक्की व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. १ ऑगस्टला कच्च्या भिंतीनं पाण्यात गेलं की काय होतं ते आपण दरवर्षी बघतो.

बोटमालकांना एक हिशेब. बोटीवर हात धुवायला गोड्या पाण्याचा एक कॅन, सौम्य साबण, पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा आणि माणशी सुती मोज्यांच्या तीन-चार जोड्या. बर्फाच्या एका फेरीपुढं हा खर्च काहीच नाही. निवडणीचं काम एकाच माणसावर न टाकता पाळीनं फिरवलं तर तेवढंच आणखी.

काही गोष्टींत मात्र बंदी संपायची, सीझन संपायची वाट बघायची नसते. मासळीचा काटा किंवा सुंगटाचं टोक टोचल्यावर काही दिवसांत बोट जांभळट-लाल, सुजलेलं आणि ठणकणारं झालं तर तो जंतुसंसर्ग आहे, अँटिबायोटिक लागतं. जखमेवर समुद्राचं पाणी लागल्यावर एक-दोन दिवसांत ताप, वेगानं वर चढणारी लाली, काळपट फोड असं झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. मधुमेह असलेल्यांना आणि दारूनं लिव्हर खराब झालेल्यांना यात जिवाचा धोका असतो. भेगाळलेले हात म्हणजे अशा जंतूंना उघडी दारं, म्हणूनही इसब अंगावर काढू नये.

इसबाचं कारण पक्कं करायला पॅच टेस्ट नावाची तपासणी असते. संशयित पदार्थ बारीक चकत्यांत घालून पाठीवर चिकटवतात, २ दिवस ठेवतात, मग काढून बघतात आणि चौथ्या दिवसाच्या आसपास पुन्हा बघतात. या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मासळीच्या प्रथिनांसाठी वेगळी टोचून करायची चाचणी असते, तिचा निकाल १५-२० मिनिटांत कळतो. हे दोन्ही डॉक्टरांसमोरच करायचं. घरी रेझिन किंवा डिझेल कातडीवर लावून “टेस्ट” करू नका, त्यानं नवीन अ‍ॅलर्जी सुरू होऊ शकते.

बांबोळीला गोमेकॉत त्वचारोग विभाग आहे, तिथं या चाचण्यांची चौकशी करा. जवळच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर बरं. जाताना मोबाइलमधले रविवारचे फोटो, आठवड्याच्या नोंदी, हातमोज्यांचं पाकीट, रेझिन-रंगाच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. पॅच टेस्टला साधारण आठवडा मोकळा ठेवावा लागतो आणि तारीख लगेच मिळेलच असं नाही. म्हणून जून संपायच्या आत नाव घाला. ऑगस्टमध्ये कुठलाही तांडेल त्यासाठी आठवडाभर सुट्टी देणार नाही.